वाटे लावून शिकलेली इंग्रजी

कोपरीच्या बाजारात मी जिच्याकडून मासे घेते ती कोळीण माझ्याच वयाची आहे. लग्न होऊन मी ठाण्यात आले तेव्हापासून मासे तिच्याकडचेच. ती मला ‘बाय’ म्हणते, मी तिला ‘ताई’. मी कल्याणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते हे तिला ठाऊक होतं, पण त्याचा तिला कधी काही उपयोग होईल असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी कोलंबी सोलता सोलता ती म्हणाली, “बाय, मना इंग्रजी शिकव.”

“कशाला गं?”

“पोरीचं जमलंय. ऑफिसातलाच पोरगा हाय. आईबाप तिकडं लांब, दक्षिणेला. मराठी नाय, हिंदी नाय. बोलतात ती इंग्रजी.”

“मग लेक आहे की सांगायला.”

“ती? ती अर्धंच सांगते.” कोलंबीचं डोकं तिने जरा जोरातच मोडलं. “मी फोनवर बोलले, हळद आमच्या दारात झाली पायजे. मांडव टाकून, धवलारीण बसवून. पोरीनी त्यांना काय सांगितलं म्हायतीय? मम्मी इज व्हेरी हॅपी!”

धवलारीण म्हणजे लग्नातले धवले गाणारी बाई. ताईच्या लोकांत तिच्याशिवाय हळद लागत नाही. मुलाकडच्यांना मात्र सगळं एका सकाळी, हॉलमध्ये उरकायचं होतं. ती माणसं वाईट नव्हती. साधेपणाची आवड होती, इतकंच. आणि लेक नव्या घराला बिचकून होती.

“एकच पोर हाय माझी,” ताई म्हणाली. “तिची हळद काय हॉलमध्ये चमच्यानं लावू? साखरपुड्याआधी ती लोकं घरी येणार हायत. तवा मी बोलणार. माझ्या तोंडानं.”

दुपारी बाजार उठला की ती माझ्याकडे यायची. हात लिंबाने घासून, पदर खोचून, सोफा सोडून खाली फरशीवर बसायची. मी शाळेतल्यासारखी काळांपासून सुरुवात केली. साधा वर्तमानकाळ संपेपर्यंत तिला दोन जांभया आल्या.

“बाय, हे सगळं एकाच टोपलीत हाय,” ती म्हणाली. “मी धक्क्यावरून माल आणते, तो असाच असतो. करंदी, मांदेली, जवळा, सगळं एकात. तसा विकत नाय कोण. वाटे लावावे लागतात. तू वाटे लाव.”

मी विचार केला आणि तिचं ऐकलं. इंग्रजीत नेमकी अडचण तीच आहे. आपण चहा करतो, चूक करतो, भांडी करतो, फोन करतो. एका ‘करणे’वर आपला संसार चालतो. तिकडे प्रत्येक नामाचं क्रियापद ठरलेलं, आणि ते का ठरलं याला बहुतेक वेळा उत्तर नसतं. मग पाठच करायचं, तर जोडीनेच करावं. मी नियम बाजूला ठेवले आणि फरशीवर वाटे लावले. मेकचा वाटा: टी, मिस्टेक, नॉइज, प्लॅन. डूचा वाटा: वर्क, डिशेस, शॉपिंग. टेकचा वाटा: रेस्ट, फोटो, मेडिसिन, रिक्षा. हॅवचा वाटा: लंच, फीवर, अ सीट.

“फीवर हॅव?” ती थांबली. “ताप काय बाळगाचा असतो?”

“त्यांच्यात असतो.”

“मग औषध टेक कशाला? तेही हॅवच करावं ना.”

“ताई, पापलेट जोडीने आणि जवळा मापाने का विकतात, असं मी कधी विचारलं तुला?”

“नाय विचारलंस,” ती म्हणाली आणि पुढचा वाटा मागितला.

तिला पटकन यायचं. आलेलं ती बाजारात वापरून बघायची. एकदा टॉवरमधल्या एका बाईंना तिने ऐकवलं, “मॅडम, डोन्ट मेक नॉइज, टेक बोंबील.” बाईंनी बोंबील घेतले. इंग्रजीतली एक गोष्ट तर तिला फारच आवडली. तिच्या बोलीत सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, त्यावरून सोसायटीतली गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतात. “ही भाषा बरी हाय,” ती म्हणाली. “सासऱ्याला पण यू, मांजरीला पण यू. भांडणच नाय.”

पाहुणे यायच्या आठवड्यात तिने मला दोन गोष्टी विचारल्या. आमचं लग्न पाच दिवस चालतं, हे कसं सांगायचं?

“पाच दिवस? आता कोण करतं पाच दिवस?”

“तू शिकव ना.”

मी शिकवलं.

“आणि तडजोड कुठल्या वाट्यात?”

“मेक. मेक अ कॉम्प्रमाइज.”

“मेक,” ती म्हणाली. शब्द लांबलचक होता. तो तिने भांडी घासताना घोकला, असं तिच्या नवऱ्याने मला नंतर सांगितलं.

पाहुणे येणार त्या दिवशी तिने मलाही बोलावलं, पण अट घातली: “तू बसाचं. बोलाचं नाय.” मी बसले. पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील आणि आई, स्वच्छ सुती कपड्यांतली शांत माणसं होती. ताईने “हॅव अ सीट, हॅव टी” इथपर्यंत सगळं नीट पार पाडलं. लेक दाराला टेकून उभी होती. वडिलांनी विषय काढला: “सिंपल मॅरेज. वन मॉर्निंग. व्हाय टेक सो मच ट्रबल?”

ताईने पदर सारखा केला. “अवर वेडिंग,” ती म्हणाली, “फाइव्ह डेज.”

“मम्मी!” लेक किंचाळलीच.

“तू गप. मी बोलतेय ना.”

वडिलांनी कप खाली ठेवला. “फाइव्ह?”

“फाइव्ह,” ताईने पंजा दाखवला. “मांडव. सिंगिंग. हळद. ऑल व्हिलेज.”

ते बायकोकडे बघू लागले, बायको छताकडे. ताईचा नवरा माझ्याकडे बघत होता. मी चहा पीत होते. मग ताईने एक लांब उसासा सोडला, आणि तो उसासा मी ओळखला. भाव करून गिऱ्हाईक दमलं की ती असाच उसासा सोडते, आणि आपलं नुकसान होतंय असा चेहरा करून वाट्यावर दोन कोलंब्या जास्तीच्या टाकते. आधी सांगायचा भाव आणि घ्यायचा भाव तिच्याकडे कधीच एक नसतो.

“ओके,” ती म्हणाली. “वी मेक अ कॉम्प्रमाइज. वन इव्हनिंग. हळद. माय हाउस. माय सिंगिंग लेडी. नेक्स्ट मॉर्निंग, युवर हॉल.”

“ओन्ली वन इव्हनिंग?” वडिलांचा जीव भांड्यात पडल्याचं सरळ दिसत होतं.

“ओन्ली वन.”

आता मुलाच्या आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. “फिश?” तिने हळूच विचारलं. ती माणसं शाकाहारी. आणि कोळ्यांच्या घरात हळदीला मासे नाहीत असं होत नाही. या प्रश्नाची तयारी आम्ही केली नव्हती. ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तिची अट पाळली.

“फिश बॅक साइड,” ती सावकाश म्हणाली. “यू फ्रंट साइड. न्यू चूल, न्यू भांडी. यू टेक रेस्ट.” मग छातीवर हात ठेवून, “वी टेक ट्रबल.”

मुलाची आई हसली. नुसतं ओठांनी नाही, चांगलं आवाज करून. दाराला टेकलेल्या लेकीने डोळे पुसले आणि वर “मम्मी, यू आर टू मच” असंही म्हटलं. ते काही मी शिकवलं नव्हतं.

हळद दारातच झाली. धवलारणीचा आवाज बसला होता तरी ती गायली. विहीणबाई पुढच्या बाजूला नव्या भांड्यांतलं जेवल्या आणि उठून स्वतः पोरीच्या गालाला हळद लावून आल्या. बोटांनी.

आता ताईचे आणि विहीणबाईंचे फोन चालतात. परवा मी बाजारात गेले तेव्हा ताई कानाला फोन लावून सांगत होती, “यू टेक मेडिसिन. यू हॅव फीवर. डोन्ट डू वर्क.” तिन्ही जोड्या बरोबर होत्या. फोन ठेवून तिने सुरमईकडे बोट केलं आणि भाव सांगितला.

“ताई,” मी म्हटलं, “मेक अ कॉम्प्रमाइज.”

“ते पावण्यांना,” ती कोयता उचलत म्हणाली. “तुला मी आधीच खरा भाव सांगते. पिशवी काढ.”