पीठ कुठे मुरले

नऊ फेब्रुवारी. घरात माणसे चार: सासू, सासरे, मुलगा आणि सून. सुनेच्या पोटात पाचवे.

सासरे पुस्तकबांधणीवाले. विकतच्या डिंकावर त्यांचा विश्वास नव्हता. पुठ्ठा धरून ठेवते ती घरी शिजवलेली पिठाची खळच, हा त्यांचा सिद्धान्त. आणि सिद्धान्ताला लागणारे पीठ ते पत्नीच्या नकळत स्वयंपाकाच्या डब्यातून घेत. ते पीठ साधे नव्हते, आरोग्यकेंद्र चार महिन्यांपासून लोह मिसळून वाटत होते ते होते. डबा लवकर तळ गाठी. मग सून "आज भूक नाही" म्हणे, आणि घर त्यावर विश्वास ठेवी.

माणशी किती लोह पोटात जाते याचा अंदाज काढायला केंद्राच्या मोजणीबाई आल्या होत्या. त्यांनी आठवड्यापूर्वी तोललेला डबा पुन्हा तोलला, फरक चौघांत भागला आणि डोळे चोळले.

"काकू, या हिशेबानं तुम्हा सगळ्यांना लोहचुंबक चिकटायला हवं!"

"मी तर दोन घास खाते हो," सासूबाई म्हणाल्या. "हे खात असतील. यांचं पोट म्हणजे विहीर."

सासरे पुठ्ठ्याची कड जास्तच जोराने तासू लागले.

"पण सूनबाईंचं रक्त कमी भरलंय," मोजणीबाई म्हणाल्या. " हाच आकडा वर पाठवला तर लोह भरपूर आहे म्हणून यांच्या लोहाच्या गोळ्या बंद होतील. पीठ कुठंतरी मुरतंय."

"माझ्याकडं काय बघताय?" सासरे गरजले. कुणीही त्यांच्याकडे पाहत नव्हते.

"चोराच्या मनात चांदणं," सासूबाई पुटपुटल्या.

"बाबांच्या मिशीला काहीतरी पांढरं वाळलंय," सून हळूच म्हणाली.

सासऱ्यांपुढचा प्रश्न नैतिक होता, आणि तो बायकोदेखत सोडवायचा होता. त्यांनी सुनेच्या पांढुरक्या नखांकडे पाहिले. मग उठून नुकताच बांधलेला जाडजूड शब्दकोश वजनकाट्यावर ठेवला.

"हा घ्या. पीठ यानं खाल्लं."

"अगंबाई! पोटुशी सून उपाशी, आणि तुम्ही वाळवीचं बाळंतपण करताय?" सासूबाई कडाडल्या.

"वाळवी नाही लागत. खळीत मोरचूद घालतो मी," सासरे दुखावून म्हणाले.

"खळीला रोज किती पीठ?" मोजणीबाईंनी हसू दाबून विचारले. सासऱ्यांनी डब्यातून ओंजळ भरून दाखवली. बाईंनी ती तोलली, सात दिवसांची वजा केली, आकडा धाडकन खाली आला. गोळ्या चालू राहिल्या.

सुनेच्या वाट्याचे चार महिन्यांचे पीठ पुठ्ठ्यांत वाळून बसले आहे. ते तिला अजून मिळालेले नाही.