विल्मावहिनीची झाकलेली बादली

माझी विल्मावहिनी म्हणजे गावातली सगळ्यात कडक बाई. भाऊ आमोस देवमाशाच्या शिकारीला जाणाऱ्या आमच्या होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. पण आमची समजूत अशी, की देवमासा तांडेलाच्या भाल्याकडे येत नाही, त्याच्या बायकोच्या स्वच्छ तळघराकडे येतो. म्हणून आमच्याकडच्या बारा महिने गोठलेल्या जमिनीत दोन माणसांच्या उंचीइतकं खोल खणलेलं मांसाचं तळघर वहिनी दर वसंतात रिकामं करायची, खरवडायची, तळाला ताजा बर्फ अंथरायची. एकदा मी घाणेरडे बूट घालून उतरलो, तर तिनं शिडीवरच अडवलं. "भावजी, देवमाशाला काय सांगू, आमच्याकडे कुत्री राहतात?" पुढे वर्षभर गाव माझ्याकडे बघून भुंकत होतं!

मग एका वर्षी ती कुणालाच खाली उतरू देईना. रोज सकाळी झाकलेली बादली घेऊन किनाऱ्याकडे जायची.

"बादलीत काय हो वहिनी?"

"तुमची अक्कल. सांडू नये म्हणून झाकलीय."

मी दिवसभर हसलो. हसायला नको होतं. तळघराच्या भिंती पाझरत होत्या, तेच पाणी ती बादलीनं उपसत होती; मांसावर बुरशी धरली होती. वहिनीला वाटलं, आपल्याच साफसफाईत खोट राहिली, आता देवमासा पाठ फिरवणार. तिनं आमोसलाही सांगितलं नाही.

पुढे जमिनीची उष्णता मोजणारा एक माणूस आला. शाळेत सभा भरली. तो म्हणाला, जमीनच वितळतेय. जगभरच्या कारखान्यांचा, गाड्यांचा धूर हवा तापवतोय, त्यात तुमच्या बर्फावर धावणाऱ्या गाड्यांचाही चिमूटभर. तो धूर आवरेपर्यंत मांस विजेच्या शीतपेटीत ठेवा.

"कुणाकुणाच्या तळघरात पाणी आहे?" त्यानं विचारलं.

शेवटी वहिनीनं खाली बघत हात वर केला. मग एकेक करत गावातल्या नऊच्या नऊ तांडेलांच्या बायकांचे हात वर झाले. प्रत्येक घरात एक झाकलेली बादली होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बघा वहिनी, उगीच जीव जाळलात. तुमची चूक नव्हतीच."

ती माझ्यावरच उखडली. "माझी असती तर खरवडून काढली असती की, भावजी! आता काय खरवडू?"

त्या उन्हाळ्यात आमोसनं तळघर वाळूनं बुजवलं. वाट्याचं मांस शाळेमागच्या शीतपेटीत ठेवायला वहिनी मलाच पाठवायची. स्वतः तिकडे कधी फिरकली नाही.