मनाल पडली नव्हती

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या समुद्रात मनाल त्या सकाळी एकदाही पडली नाही. फळीवर उभीच राहिली नव्हती, तर पडणार कुठून?

२००६ च्या डिसेंबरात मामेभाऊ झुबेर दुबईहून सुट्टीवर आला, तो लाटांवर स्वार व्हायची लांब फळी घेऊन. मनाल नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली, पोहण्यात पटाईत. फळीवर पालथी पडून, छाती वर उचलून ती लाटेची वाट बघत राहिली. तासभर तेच. मग कमरेत कळ आली म्हणून किनाऱ्यावर येऊन बसली. पायांना मुंग्या आल्या. उठायला गेली, तर पाय हलेनात.

रत्नागिरीत एक्स-रे निघाला. हाडं शाबूत होती. "पोरगी घाबरलीय," एक डॉक्टर म्हणाले. तिचे अब्बा, कमाल, उभी हयात बोटीवर काढलेला माणूस. त्यांनी वाद घातला नाही, गाडी करून तिला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, "मणक्याला मार नाही. पालथं पडून पाठ फार वेळ ताणली, की क्वचित कुणाच्या पाठीतल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटतो. बहुतेक फळीवरच्या नवशिक्यांनाच होतं. यात तुझी चूक नाही."

चाकाच्या खुर्चीतून ती घरी आली, तेव्हा तिच्या मावशीने, सकिना खालाने, मोहल्ल्यात सांगून टाकलं होतं, की रिक्षा उलटली.

"खरं सांगितलं तर स्थळं येतील का?" खाला म्हणाली.

"नाही आली तर नाही आली. न उलटलेल्या रिक्षाच्या माथी कशाला मारतेस?" मनाल म्हणाली.

विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकाला मनाल स्वतःच सांगायची, समुद्रात काय झालं ते. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी 'पोरीच्या जातीला समुद्र कशाला?' म्हणालं. ती बोलायची थांबली नाही. झुबेर फोनवर रडून म्हणाला, "ती फळी फोडून टाका." तिने फोडू दिली नाही.

उजवा पाय हळूहळू परतला. डाव्याने पुरतं ऐकलंच नाही. शाळेच्या चालकांनी घरी आराम करायला सुचवलं. जूनमध्ये ती दोन कुबड्यांवर वर्गात हजर झाली आणि बसून शिकवू लागली.

पावसाळा सरल्यावर तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं. पाठ ताणायची नाही, पण पोहायला हरकत नव्हती.

भाट्याला रविवारची गर्दी होती. लोक वळून बघत होते.

"उद्या येऊ या का? कुणी नसेल," अब्बा हळूच म्हणाले.

"बघू देत," मनाल म्हणाली. कुबड्या त्यांच्या हातात देऊन ती वाळूवर बसली आणि हातांवर सरकत पाण्यात शिरली.