छे हो, तुम्ही कसले दारुडे

कोणी काहीही विचारो, शेजारच्या भाऊजींचं उत्तर ठरलेलं असायचं, "अपना सब सेट आहे, भिया." तब्येत कशी आहे? सब सेट आहे. नळाला पाणी आलं का? सब सेट आहे. आणि हे म्हणताना माशी हाकलावी तसा उजवा हात हलवायचे.

ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. इकडे हिंदी मुलखात, लालबागच्या मागे आमची जुनी इमारत आहे, तरी बहुतेक घरं मराठी. ते नमकीनच्या कारखान्यात सुपरवायझर होते. जिन्यातून गेले की लवंगेच्या शेवेचा वास मागे राहायचा आणि त्याच्याखाली आणखी एक वास. हा दुसरा वास इमारतीत सगळ्यांना येत होता, पण बोलायला गेलं तर कोणालाच येत नव्हता.

त्यांच्या बायकोला मी ताई म्हणायचे. ताई गुडघ्यांच्या इलाजासाठी मुलीकडे नाशिकला गेल्या होत्या आणि ते गुडघे काही केल्या बरे होत नव्हते. असले गुडघे तुमच्याही ओळखीत असतील.

मला चौकशा करायची खोड आहे. माझे यजमान म्हणतात, ही गॅस सिलिंडर आणणाऱ्यालाही घरी कोण कोण आहे ते विचारते. विचारते, खरं आहे. माणसं कशी जगतात हे मला बघावंसं वाटतं. पण या एका घराबद्दल मीही गुडघ्यांपाशीच थांबले होते.

मग एका वर्षी इमारतीच्या गणपतीत, संध्याकाळच्या आरतीला, त्यांच्या हातातून तबक पडलं. निरांजन घरंगळत सतरंजीपर्यंत गेलं. कोणीतरी पाय देऊन विझवलं, आणि सगळे एकदम म्हणाले, "बीपी असेल."

"बीपी नाही," ते म्हणाले. "मी पिऊन आलोय. रोज पितो. सोडायचं म्हणतो, पण सुटत नाहीये."

मग आमचे सेक्रेटरी हसले. "छे हो, तुम्ही कसले दारुडे. एक-दोन पेग तो चलते हैं, भिया." कोणी म्हणालं, दृष्ट लागली असेल. कोणी लिंबूपाणी आणायला धावलं. जोशीकाकूंनी त्यांच्या हातावर खिरापत ठेवली आणि आरती जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली. ते ती खिरापत तशीच मुठीत धरून उभे होते. एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर आपलं बिंग फोडतो आणि लोक ते सभ्यपणे पुन्हा झाकून टाकतात, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले आणि दारातच विचारलं, "भाऊजी, रोज म्हणजे किती?"

ते दारातून बाजूला झाले. मग आत या म्हणाले.

मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. कधीपासून? सकाळीही लागते का? चहाच्या आधी लागते. ताई यासाठीच गेल्या का? हो. शेवटी म्हणाले, "वहिनी, मी ऑफिसात सांगून पाहिलं, साडूला सांगितलं, काल सगळ्यांना सांगितलं. मतलब, कोणी मानतच नाही. किती ते तुम्हीच पहिल्यांदा विचारलं."

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि यजमान, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. एकदम बंद केली तर जिवावर बेतेल, म्हणून डॉक्टरांनी त्यांना काही दिवस दाखल करून घेतलं. तिथेच त्यांना दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचा पत्ता मिळाला. भंवरकुआं भागात एका कोचिंग क्लासची खोली दर रविवारी सकाळी या लोकांना मिळायची. आत काय चालतं या विचाराने मला चैन पडेना, हे त्यांनी ओळखलं. "चला की वहिनी, कभी कभी बाहेरच्यांनाही येऊ देतात." मग माझ्या स्कूटरवर मागे बसून, हँडल धरल्यासारखा माझ्या पर्सचा पट्टा घट्ट धरून, ते आले.

फळ्यावर आदल्या दिवशीची गणितं तशीच होती. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांसाठी केलेल्या अरुंद बाकांवर पोट सुटलेले गृहस्थ आणि एक-दोन बायका अवघडून बसल्या होत्या. ते उठले, हिंदीत म्हणाले, "मैं शराबी हूँ," आणि थांबले.

ते कशासाठी थांबले हे मला एकदम कळलं. आता कोणीतरी छे हो म्हणेल, याची ते वाट बघत होते. कोणी म्हणालं नाही. सगळे एका आवाजात "नमस्ते" म्हणाले आणि ऐकायला लागले.

मधे ते घसरलेही. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला गेले आणि रंगापेक्षा जास्त काहीतरी घेऊन परतले. पण पुढच्या रविवारी जाऊन तेही सांगून आले. मी विचारायचे, "ताईंना कळवलंत?" तेव्हा मात्र मान खाली जायची. "किती वेळा शपथ घेतलीय तिच्यासमोर. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

त्यांची खरी भीती वेगळीच होती. दारू सुटली आणि ताई आल्याच नाहीत, तर?

आता वरच्या घराला कुलूप आहे. ते नाशिकला निघाले तेव्हा रिक्षा खाली उभी होती आणि ते जिन्यातच थबकले.

"काल तिला फोन केला. म्हटलं, मी दारुडा आहे, इथे मीटिंगला जातो. मला वाटलं, ती फोन ठेवून देणार."

"मग?"

"मग म्हणाली, ते मला माहीत आहे, पुढे बोला." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "वहिनी, तिकडे पिणाऱ्यांच्या घरच्यांची अशीच मीटिंग असते. ती गेल्यापासून दर आठवड्याला जातेय. सगळे आपापलं सांगतात, ती नुसती बसून येते. एकदाही बोलली नाही."

"का?"

"मी पण हेच विचारलं. म्हणाली, तुम्हीच कबूल करत नव्हता, मग परक्या लोकांत मी तुमचं नाव कसं घेऊ?"

खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. ते दोन पायऱ्या उतरले आणि वळून म्हणाले, "या शनिवारी ती तिथे बोलणार आहे. मला म्हणाली, समोर बसून ऐका."