जोत्यावरचा नारळ

आमच्या पडेगावात नळाला पाणी आठवड्यातनं एकदा येतं, तेही कधी येईल याचा भरवसा नाही. ते चुकलं तर टँकरवाल्याच्या हातापाया पडा! म्हणून पाण्याच्या आशेवर मी घरालाच चिकटून बसते.

यंदा उन्हाळ्यात आत्या राहायला आली ती पिशवीत नारळ घेऊनच. आमच्या नळाला जिथनं पाणी येतं, त्याच जायकवाडीच्या धरणात तिचं सासरचं गाव गेलेलं. पाणी तळाला गेलं, की कधीमधी उघडं पडतं.

"औंदा आमच्या घराचं जोतं दिसायलंय म्हणं," आत्या म्हणाली. "तिथंच माप ओलांडलं मी. एकदा नारळ फोडून येते. पुढल्या उन्हाळ्याचं कुणी बघितलंय?"

"येत्या रविवारी जाऊ," मी म्हणाले. गाडी दारात होती, रस्ता चांगला होता. पण रविवार आला की मी नळाकडं बघत बसायची. आत्याच म्हणायची, "पाण्याचं बघ बाई आधी." आणि मी खुशाल ऐकायची! असे किती रविवार घालवले मी.

मग वर नाशिककडं लई पाऊस झाला. गल्लीच्या ग्रुपवर रोज धरणाचे आकडे यायला लागले. धरण भरल्याची बातमी आली त्या दिवशी औरंगपुऱ्यातनं येताना मी पेढे आणले आणि पहिला पेढा आत्याच्याच हातावर ठेवला.

"आत्या, भरलं गं धरण!"

"व्हय का? बरं झालं," ती म्हणाली. पेढा तिनं खाल्लाच नाही. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. जीभ हासडून टाकावी असं वाटलं.

त्या रविवारी मात्र नळबिळ सोडून तिला धरणावर नेलं. दारं उघडलेली, बघायला ही गर्दी! पोरं फोटो काढत होती, कणसं भाजत होती. आत्यानं पाण्याकडं बोट केलं. "तिथं असंल कुठंतरी."

"पाण्यातच सोड ना नारळ," मी म्हणाले.

"पाण्यासाठी नव्हता आणला."

परत येईस्तोवर मला तिच्याकडं बघवेना. माझंच चुकलं, एवढंही तोंडातनं निघेना. घरी आल्यावर तिनं नारळ ओट्यावर ठेवला.

"चटणीला घे," म्हणाली.

मी आता बोलणार, तेवढ्यात मोरीतला नळ वाजला. आत्यानं पदर खोचला, ड्रमाचं झाकण काढलं आणि मला हाक मारली, "ये लवकर. आधी पाणी भरून घे."