खांद्यावर जू घेऊन आलेला माणूस

आमच्या गावात मोकाट जनावर सापडलं, तर त्याला आधी पाणी दाखवायचं आणि मग चौकशी करायची, अशी रीत होती. शेळीची चौकशी फारशी होत नसे. तिला पिकातून हाकलायचं आणि शेळीवाल्याच्या घराच्या दिशेनं चार शिव्या द्यायच्या, की काम झालं. म्हैस संध्याकाळ झाली की आपल्या पायांनी घरी जाते, तेव्हा ज्याचा ऊस खाल्ला त्यानं तिच्या मागोमाग जायचं आणि तिच्या दारात उभं राहून भांडायचं. बैलाची गोष्ट वेगळी होती. बैल एकटा फिरत नाही. तो एकटा दिसला की पाहणारा हातातलं काम टाकून उठत असे, कारण तो बैल ज्याचा असेल त्याचं औत कुठेतरी अडलेलं आहे हे त्याला ठाऊक असे.

युद्धाच्या काळात कागद मिळेनासा झाला, वर्तमानपत्रांची पानं कमी झाली, त्यात माझी नोकरी गेली आणि मी पुण्याहून थोरल्या भावाकडे राहायला आलो. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या पश्चिम काठावर आमचं गाव. त्या वर्षी भावाच्या गोठ्यात एकच बैल होता. जोडीतला दुसरा हिवाळ्यात पोट फुगून गेला होता. पेरणी त्यानं शेजाऱ्याशी वारंगुळा करून, म्हणजे दोघांचे दोन बैल एका जुवाखाली आणून, एक दिवस त्याचं रान आणि एक दिवस आपलं असं करत उरकली होती. पुढे बैलजोडीनं पिकातलं तण काढायची कोळपणी तोंडावर होती.

बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, दोन दिवसांवर आला असताना भाऊ सकाळी नदीकडे गेला आणि एका खिलारी बैलाला घेऊन परत आला. बैल ओला होता. गळ्यात तुटलेल्या दाव्याचा तुकडा होता. शिंगांच्या बुडापर्यंत गाळ बसला होता. नदीला तेव्हा तांबडं पाणी आलं होतं, नाव बंद होती, आणि काठावरच्या चिखलात खुरांचे ठसे पाण्यातून बाहेर येणारे होते, आत जाणारा एकही नव्हता. बैल पलीकडून पोहून आला होता. ते ठसे मी स्वतः काठावर जाऊन पाहिले. पात्र पाहिलं, त्यातून वाहत चाललेलं बाभळीचं आख्खं झाड पाहिलं, आणि बराच वेळ तिथून निघालो नाही.

भावानं पाटलांच्या कानावर घातलं. पाटील म्हणाले, “सणाच्या तोंडावर जनावर कोंडवाड्यात घालायचं न्हाई. बेंदूर हू दे. तवर तुमच्या गोठ्यात ऱ्हाऊ दे. मालक आला आन खूण पटली, तर त्येचा. न्हाई आला तर दुसऱ्या दिशी कोंडवाडा, आन म्होरं लिलाव.”

गावात बोलणं सुरू झालं. पाणवठ्यावर एकानं भावाला ऐकवलंच, “गड्या, तुझा एक गेला तर देवानं दुसरा नदीतनं धाडला. लिलावात तूच घे.” घरी येऊन भावानं दोन्ही बैलांना सारखा कडबा टाकला. परका बैल औताला मात्र लावला नाही. दुसऱ्याच्या बैलाच्या खांद्यावर जू ठेवू नये, हीही रीतच.

आणखी एक रीत अशी, की बेंदराला गोठ्यात जे जनावर असेल त्यात आपलं-परकं करायचं नाही. आदल्या संध्याकाळी वहिनीनं दोन्ही बैलांचे खांदे हळद आणि तुपानं मळले. सकाळी भावानं दोघांची शिंगं साळली, म्हणजे धारदार पात्यानं वरचा खडबडीत थर तासून शिंग पांढरं, गुळगुळीत केलं. कासरा मी धरला होता. मग हिंगुळाचा तांबडा रंग लावला, टोकांना पितळी शेंब्या घातल्या, अंगावर झूल टाकली, गळ्यात गोंडे बांधले. पाहुणा बैल आमच्या बैलाहून देखणा दिसू लागला. वहिनी त्याला पुरणाची पोळी भरवताना म्हणाली, “खा बाबा. तुझं घर कुठं असंल तिथं आज कुणाच्या घशाखाली घास उतरला नसंल.”

तिसऱ्या प्रहरी गावचे सगळे बैल मारुतीच्या पारापाशी जमले. वेशीवर आंब्याच्या पानांचा जाड दोर, ज्याला कर म्हणतात, आडवा बांधला होता. मानाचा बैल पळत जाऊन तो तोडणार होता. हलगी वाजत होती. त्या वेळी वेशीतून एक माणूस आत आला. त्याच्या खांद्यावर जू होतं. मागून एक खिलारी बैल चालत होता. त्या बैलाच्या शिंगांना रंग नव्हता, अंगावर झूल नव्हती. बेंदराच्या दिवशी असा कोरा बैल गावानं कधी पाहिला नसावा. हलगी आपोआप मंद झाली.

माणूस पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला होता. गाडी घेऊन मिरजेला आला होता. परतताना रात्री पाऊस आणि विजा सुरू झाल्या आणि जोडीतला एक बैल दावं तोडून पळाला. गाडी त्यानं रस्त्याकडेच्या एका वस्तीवर ठेवली. नदीकाठच्या गावांतून विचारत सांगलीच्या पुलापर्यंत आला, पूल ओलांडला आणि या काठानं वर चालत निघाला.

“जू कशाला वागवतुयास?” कुणीतरी विचारलं.

“बैल घावला तर रिकाम्या हातानं न्यायचा व्हय?” तो म्हणाला. “आन ह्यो मागचा चारा खात न्हाई. जू दिसतंय तवर चालतोय तरी.”

त्यानं रांगेवरून नजर फिरवली आणि आमच्या पाहुण्या बैलापाशी बोट थांबवलं. “त्यो माझा.”

पाटील पारावर बसले होते. “पावणं, बोट कुणी बी दावंल. खूण सांगा.”

“उजव्या शिंगाच्या मागल्या अंगाला, बुडापाशी, कानशीनं घासलेली खाच हाय. मीच पाडलीया.”

पाटील स्वतः उठले. त्यांनी नखानं हिंगूळ खरवडला. खाली शिंग पांढरं आणि सपाट होतं. ते अंगठा फिरवत राहिले. खाच नव्हती.

लोक हसले. एक जण म्हणाला, “आरं, बेंदराच्या दिशी समद्यांचंच बैल देखणं दिसत्यात. नदरंला आवडला म्हून तुझा व्हय?”

माणसाचा चेहरा पडला. तो शिंगाकडे पाहत राहिला. त्याला कारण कळलं असावं, कारण त्यानं एकदम भावाकडे पाहिलं. पाटलांनीही भावाकडे पाहिलं. “तुमी शिंगं साळली. खाच हुती का?”

भावाला हो म्हणता आलं असतं. पण तो म्हणाला, “गाळ लय हुता. साळताना बुडाला काय तरी खरबरीत लागलं. खाच हुती का किडीनं खाल्लेलं, मला सांगता यायचं न्हाई.”

“यील कसं सांगता?” मागून आवाज आला. “कोळपणी ऱ्हायलीया की अजून!”

पुन्हा हसणं झालं. या वेळी ते भावाच्या वाट्याचं होतं. त्याचे कान लाल झाले. बायकांच्या घोळक्यातून वहिनीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “न बघितल्यालं बघितलं म्हणायला आमच्या घरात शिकवलं न्हाई.”

पाटील पारावर परत बसले. खूण पटली नाही, म्हणजे बैल उद्या कोंडवाड्यात जाणार होता. माणसाची गाडी रस्त्यावर पडून होती, शेत कोळपणीला आलेलं होतं, आणि दुसरा बैल वेशीपाशी मान खाली घालून उभा होता. समोरच्या हिरव्या चाऱ्याकडे त्यानं पाहिलंही नव्हतं.

“पाटील,” माणूस म्हणाला, “खूण न्हाई तर न्हाई. मला जू धरू द्या.”

लोकांत गलका झाला. बेंदराला बैलाच्या खांद्याला जू लावणं म्हणजे पाप. एका म्हाताऱ्यानं काठी आपटली. पाटील म्हणाले, “आज जू लागायचं न्हाई. ठाऊक न्हाई व्हय तुमाला?”

“न्हाई लागायचं,” माणूस म्हणाला. “माझ्या हातातच ऱ्हाईल.”

पाटलांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. त्यांच्या सांगण्यावरून भावानं पाहुण्या बैलाचा कासरा सोडला. तो बैल इतर बैलांच्या मधोमध, मोकळा उभा राहिला. माणूस पार वेशीपर्यंत मागे गेला. त्यानं जुवाच्या शिवळा, म्हणजे मानेच्या दोन बाजूंच्या खुंट्या, काढून जमिनीवर ठेवल्या. आपला कोरा बैल डाव्या हाताला घेतला. मग जू मधोमध धरून त्यानं उचललं. डावी बाजू कोऱ्या बैलाच्या मानेवर, पण मानेला न टेकता, हवेत राहिली. उजवी बाजू मोकळी होती.

“हाक मार की रं,” कुणीतरी म्हणालं.

“हाकंला कुणाचा बी येतोय.”

हलगीवाल्यानं हात थांबवले. एवढी माणसं आणि एवढी जनावरं एका जागी असून घुंगरांच्या किणकिणीपलीकडे आवाज नव्हता.

बैलानं प्रथम कान हलवले. मग तो रांगेतून बाहेर आला. त्याची चाल संथ होती. लोक मागे सरले. तो कोऱ्या बैलाच्या डाव्या अंगानं येत होता. तसाच पुढे आला असता तर जोडीदाराला धडकला असता. तो थांबला, वळला, जोडीदाराच्या मागून वळसा घालून उजवीकडे आला, खाली मान केली आणि जुवाखाली उभा राहिला. रंगवलेली शिंगं, झूल, गोंडे सगळं तसंच. शेजारी कोरा बैल.

इथपर्यंत कुणी शंका घेऊ शकलं असतं. पुढचं मात्र असं घडलं. मानेवर वजन आलं नाही म्हणून बैलानं मान वर केली आणि जू शोधलं. माणसानं जू वर उचललं. बैलानं मान आणखी वर केली. माणूस टाचा उचलून उभा राहिला. त्याचे दंड थरथरत होते. त्याच वेळी डावीकडच्या बैलानंही मान उचलली. दोन्ही बैल ते वजन मागत होते आणि तो ते देत नव्हता. गावच्या सणाचा मान त्याच्या दोन हातांवर होता. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं, ज्यानं मघाशी काठी आपटली होती, डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

भाऊ माझ्या पुढून गेला. तो उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला, दोन्ही हात जुवाखाली घातले आणि त्यानं ते टोक वर तोललं. दोघं माणसं आणि दोन बैल तसेच उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

“पटली,” पाटील म्हणाले. “आता घ्या त्यासनी कडंला. कर ऱ्हायलीया.”

करीचा दोर तुटला, हलगी वाजली. आमच्या गोठ्यात त्या रात्री तीन बैल होते आणि तिन्ही चारा खात होते. दुसऱ्या दिवसापर्यंत जू लावता येणार नव्हतं म्हणून माणूस राहिला. वहिनीनं संध्याकाळीच डब्यात उरलेला हिंगूळ बाहेर काढला. “जोडीतला एक रंगवून दुसरा कोरा धाडत्यात व्हय?” ती म्हणाली.

माणूस घाईनं पुढे झाला. “रंगवा, आक्का. पन मालकास्नी सांगा, साळू नका. नुसता रंग.”

वहिनी मोठ्यानं हसली. भावानं त्या कोऱ्या बैलाचं उजवं शिंग हातात घेतलं. मागल्या अंगाला, बुडापाशी, बोटभर रुंदीची खाच होती.

“हे पाटलांना का दावलं न्हाईस?” भावानं विचारलं.

“ह्याची खाच ह्याचीच खूण,” माणूस म्हणाला. “ती त्येच्या नावावर कशी सांगू?”

भावानं त्या खाचेत रंग भरला.

सकाळी माणसानं आधी काल कोऱ्या आलेल्या, आता रंगवलेल्या बैलावर जू ठेवलं, मग दुसऱ्यावर. शिवळा घातल्या. ओढायला मागे काहीच नव्हतं. तरी दोन्ही बैलांनी खांदे दाबून पहिलं पाऊल टाकलं, गाडी भरलेली असावी तसं. वेस ओलांडून ते पुलाच्या वाटेला लागले. भाऊ वेशीत उभा होता. ते दिसेनासे झाल्यावर तो वळला आणि कोळपणीचा दिवस ठरवायला शेजाऱ्याच्या घराकडे गेला.