कांड्या मिळून आल्या नाहीत

तुमच्या घरात पोलीस शिरले, तुमच्याच टोपलीतली एक वस्तू उचलून त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "हे काय आहे?", तर शेजारी खरं सांगेल याची खात्री आहे तुम्हाला? घाई करू नका. शेजाऱ्याचं तोंड डोळ्यांपुढं आणा आणि मग बोला.

साखर पेठेतल्या चंद्रव्वाला खात्री होती. बारा वर्षांची खात्री.

चंद्रव्वा अंगानं काटक, आवाजानं दांडगी. नवरा गेला त्या वर्षापासून ती कांड्या भरते. विणकराच्या धोट्यात बसते ना, बोटाएवढी, सूत गुंडाळलेली नळी, ती कांडी. एका हातानं चरखा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं, की भरली कांडी. सूत तिला मिळायचं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बसलिंगप्पाच्या दुकानातून. बसलिंगप्पा सुताचा व्यापारी, पेठेतला मानाचा माणूस. चंद्रव्वा त्याला अण्णा म्हणायची आणि नागपंचमीला त्याच्या घरी लाह्या पोचवायची, सख्ख्या भावाच्या घरी पोचवाव्या तशा.

सख्खा भाऊ होताच की तिला. तिप्पण्णा. आई गेली तेव्हा तो रांगत होता, चंद्रव्वानंच त्याला वाढवला. तो अक्कलकोटला दोन हातमाग चालवायचा. महिन्याला दोनशे कांड्या त्याला अक्काच्याच हातच्या लागायच्या. "दुसऱ्याची कांडी धोट्यात अडकते की," म्हणायचा. महिन्याला त्याचं एक कार्ड यायचं, बसलिंगप्पाच्या दुकानाच्या पत्त्यावर. चंद्रव्वाला वाचता येत नाही. बसलिंगप्पा गादीवर बसून वाचून दाखवायचा, ती उंबऱ्याशी उभी राहून ऐकायची. बारा वर्षं तिच्या घरातला आनंद आणि मरण तिनं त्या माणसाच्या तोंडून ऐकलं.

आता पंच्याहत्तर साल आठवा. वर्ष लागलं आणि बिहारात समस्तीपूरच्या स्टेशनात बॉम्ब फुटला, रेल्वेमंत्री गेले. सोलापूर पडलं रेल्वेचं गाव. रेडिओवर बातमी आली आणि स्टेशनाकडं जाणारी माणसं हातातल्या पिशव्यासुद्धा उघड्या तोंडानं नेऊ लागली. वर गड्डा दहा दिवसांवर. सिद्धेश्वराची जत्रा, लाखभर माणूस, नंदीध्वजांची मिरवणूक, शोभेचं दारूकाम. त्या गर्दीत कुणी काही ठेवलं तर? ज्याच्या त्याच्या तोंडी हेच.

बसलिंगप्पाच्या दुकानापुढं पेठेची बैठक भरली. संरक्षण मंडळ निघालं, अध्यक्ष अर्थातच बसलिंगप्पा. चिटणीस रामहरी. हा मूळचा मोहोळचा, मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, चंद्रव्वाच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. मिलची टोपी घालून फिरायचा आणि आपल्याला सगळं कळतं अशा आवाजात बोलायचा.

"बाहेरगावचा माणूस दिसला की चौकीत कळवायचं," रामहरी म्हणाला.

"गड्ड्याला समदी बाहेरगावचीच येत्यात की रं! कुणाकुणाला कळवणार? देवाला बी कळव!" मागून कुणीतरी ओरडलं. माणसं हसली.

"दारूकामच बंद करा यंदा," एक म्हातारा म्हणाला.

"तुझी दाढी बंद कर आदी!"

एकानं बोट दाखवून सांगितलं की त्या बोळातल्या लोकांची घरं आधी तपासा. त्या बोळात कोण राहतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून चंद्रव्वा उठली.

"एका बोळातलीच का म्हून? समदी घरं हुडका की. माझ्यापासनं सुरू करा. भ्या कशाचं हाय?"

टाळ्या पडल्या. बसलिंगप्पा म्हणाला, "ह्याला म्हणतात नागरिक." चंद्रव्वा त्या दिवशी घरी गेली ती मान ताठ करून.

दोन दिवसांनी फौजदारानं सगळ्या पेठांच्या अध्यक्षांना बोलावलं. बाकी पेठांनी संशयितांची नावं दिली होती. कुणी दोन, कुणी चार. साखर पेठेचा कागद कोरा. फौजदार म्हणाला, "तुमच्याकडं सगळे संतच राहतात वाटतं? मग मिरवणुकीच्या बंदोबस्ताला तुमच्या मंडळाची माणसं कशाला हवीत?" बंदोबस्तात बिल्ला लावून नंदीध्वजापुढं चालायचं, ह्यापेक्षा मोठं स्वप्न बसलिंगप्पाला नव्हतं. आणि त्याच दिवशी दुकानात टपाल येऊन पडलेलं होतं.

कार्डावर असं होतं: "ती. अक्कास तिप्पण्णाचा नमस्कार. गड्ड्याच्या आदी दोनशे कांड्या तयार ठेव. ओल लागू देऊ नको. चुलीपासून लांब ठेव. कुणाला दाखवू नको, दुसऱ्याला देऊ नको. भोगीला मी स्वतः येतो."

सुताला ओल लागली तर ते सडतं, ठिणगी लागली तर पेटतं. आणि मागल्या खेपेला शेजारच्या मागवाल्यानं चंद्रव्वाकडून पन्नास कांड्या उसन्या म्हणून उचलल्या होत्या, म्हणून "दाखवू नको." पण हेच कार्ड विहिरीवर सुरुंग लावणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा. जिलेटीनची पण कांडीच असते.

हे कार्ड बसलिंगप्पानं चंद्रव्वाला वाचून दाखवलं नाही. चौकीत नेऊन दिलं.

भोगीच्या सकाळी चंद्रव्वा बाजरीची भाकरी थापत होती. तीळ लावलेले हात तसेच घेऊन ती दारात आली, तर फौजदार, तीन शिपाई, आणि पंच म्हणून बसलिंगप्पा आणि रामहरी. तिला वाटलं, मंडळानं तिचा शब्द खरा केला.

"या की अण्णा. माझ्यापासनं सुरू केलं व्हय? बरं केलं. भाकरी खाऊन जावा."

अण्णा जमिनीकडं बघत होता.

घर ते केवढं! शिपायांनी उतरंड उतरवली, अंथरूण झटकलं, फळीवरची टोपली खाली घेतली. टोपलीत भरलेल्या कांड्या. कार्ड तिच्यापर्यंत आलं नसलं तरी महिन्याचं काम ती महिन्याला करतच होती. फौजदार साताऱ्याकडचा, नवा. त्यानं एक उचलून उलटीपालटी केली.

"हे काय?"

चंद्रव्वा बोलायच्या आत त्यानं हात वर केला. "तुम्ही नाही, बाई. पंचांनी सांगायचं."

रामहरीनं टोपी सारखी केली. "बॉबिन आहे साहेब. मिलमध्ये ह्याला बॉबिन म्हणतात."

"नक्की?"

"वीस वर्षं झाली साहेब मिलमध्ये."

फौजदार बसलिंगप्पाकडं वळला. "तुम्ही तर सूतवाले. बॉबिनच ना?"

एक शब्द. त्या माणसानं एक शब्द उच्चारायचा होता, जो तो जन्मभर दिवसातून शंभरदा उच्चारत आला होता. दुकानाच्या पाटीवर लिहिला होता तो शब्द: "येथे सूत व कांड्या मिळतील." बसलिंगप्पानं घसा खाकरला आणि म्हणाला, "हां. बॉबिन."

"अण्णा!" चंद्रव्वा ओरडली. "कांडी म्हणा की! अण्णा, कांडी हाय म्हणून सांगा की त्यास्नी!"

झालं. फौजदारानं चटकन वर बघितलं. "कसली कांडी? कुठंय?"

"ह्याच की! ह्याच कांड्या!"

"बाई, आत्ता तुमच्याच माणसांनी सांगितलं ह्या बॉबिन आहेत म्हणून. मग कांड्या कुठं लपवल्या?"

पंचनामा लिहिला गेला. सुताचे बॉबिन नग एकशे ब्याण्णव मिळाले. कांड्या मिळून आल्या नाहीत. खाली बसलिंगप्पाची वळणदार सही, त्याखाली रामहरीची. तासाभरानं तिप्पण्णा अक्कलकोटच्या एसटीतून उतरला. हातात अक्कासाठी आणलेली शेंगाची चटणी. तिथंच त्याला धरला.

चंद्रव्वानं चरखा डोक्यावर घेतला, सूत पदरात बांधलं आणि पेठेतून चालत चौकीवर गेली. कुणी विचारलं नाही कुठं निघालीस म्हणून. एरवी डोक्यावर चिंधी असली तरी विचारतात. चौकीच्या व्हरांड्यात तिनं चरखा मांडला आणि सगळ्यांदेखत एक कांडी भरून टेबलावर ठेवली.

"ही कांडी, साहेब. फोडून बघा. फुटली तर मला फाशी द्या."

फौजदारानं ती बराच वेळ हातात धरली. तो मूर्ख नव्हता. खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, मला कळलं. पण मी काय लिहू? मी परगावचा. मला कांडी माहीत नसली तर चालतं. पंचनाम्यावर सही सूतवाल्याची आहे. त्यालाच कांडी माहीत नाही, असं लिहू? त्या दोघांनी येऊन सांगावं, मी आत्ता सोडतो तुमच्या भावाला."

मग त्यानं कार्ड दाखवलं. चंद्रव्वाला अक्षर कळत नव्हतं, पण पत्ता लिहायची तिप्पण्णाची तऱ्हा ओळखीची होती. ह्या महिन्यात अण्णानं काही वाचून दाखवलं नव्हतं, हे तिला तिथं उभ्या उभ्या आठवलं.

ती दुकानात गेली. उंबऱ्याशी थांबली नाही. थेट गादीपर्यंत गेली.

"अण्णा, काय केलंत हे?"

"मला वाटलं, येतील, बघतील, हसतील आणि जातील," बसलिंगप्पा म्हणाला. "कागद कोरा होता गं. कुणाचं तरी नाव द्यायचं होतं. तुझ्याकडं काही सापडायचंच नव्हतं, म्हणून तर तुझं दिलं."

"मग कांडी का म्हणला न्हाई?"

"रामहरी आधी बोलून बसला. त्यावर मी दुसरं बोललो असतो, तर साहेब म्हणाला असता, ठाऊक होतं तर कार्ड कशाला आणून दिलंस?"

"आता चला. आता सांगा."

"आता तर मुळीच जमत नाही. सही झाली की." तो उठून पंख्याखालून बाजूला सरकला. "गड्डा होऊन जाऊ दे, चंद्रव्वा. चार दिवसांचा प्रश्न आहे. मी बघतो नंतर."

रामहरीच्या दारात गेली तर तो आतूनच "नंतर ये" म्हणाला. त्याची बायको मथुराबाई चंद्रव्वाच्या बरोबरीनं कांड्या भरणारी, एका चरख्यावर दोघींनी दिवस काढलेले. ती नळावर भेटली तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मी लई भांडले गं. म्हनतो, बॉबिनला बॉबिनच म्हनलं, त्यात खोटं काय बोललो? मिलमंदी म्हनत्यातच की."

"आन तू काय म्हणतेस?"

"मी कांडीच म्हनते."

"मग चल चौकीवर."

मथुराबाईनं घागर उचलली. "नवऱ्याच्या सहीवर मी कशी बोलू, बाई?"

गड्डा झाला. काही फुटलं नाही, दारूकामाशिवाय. बसलिंगप्पा बिल्ला लावून नंदीध्वजापुढं चालला. पेठेनं म्हटलं, बघा, वेळेवर पकडला म्हणून वाचलो! तिप्पण्णा पाचव्या दिवशी सुटला. पण नाव चौकीच्या संशयितांच्या वहीत गेलं. जूनमध्ये आणीबाणी आली, तेव्हा अशाच वह्या उघडल्या गेल्या. तिप्पण्णाला पुन्हा उचलला तो सात महिन्यांनी सोडला. तोवर त्याचे माग मोडीत गेले होते. आता तो चंद्रव्वाच्याच घरी राहतो आणि बहिणीच्या शेजारी बसून कांड्या भरतो. पुरुष माणूस कांड्या भरतो म्हणून पोरी फिदीफिदी हसतात. राज्य बदललं, वही बदलली नाही. दर गड्ड्याला पाच दिवस त्याला चौकीत नेऊन बसवतात. लाखभर माणसं सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता टाकतात तेव्हा हा कोठडीतल्या भिंतीला टेकून आवाज ऐकतो.

चंद्रव्वानं अण्णा म्हणणं सोडलं. नागपंचमीला लाह्या करते, पण त्या बोळातल्या घरांत वाटते, ज्यांच्या बाजूनं ती बैठकीत बोलली होती. तिप्पण्णाचं नाव वहीतून खोडावं म्हणून तिनं अर्ज केला, त्यावर त्या घरांतल्या चार बायकांनी अंगठे दिले. चौकीनं परत पाठवले. वहीतलं नाव खोडायला साखर पेठेतल्या दोन प्रतिष्ठित, साक्षर माणसांचं लेखी लागतं, असं सांगितलं. चार वर्षं ती दोन माणसं शोधते आहे. प्रत्येक जण म्हणतो, आम्हाला ठाऊक आहे गं, सगळ्यांना ठाऊक आहे. आणि पेन पुढं केलं की घरात काहीतरी विसरलेलं आठवतं.

परवा तिप्पण्णा तिला म्हणाला, "अक्का, सोड आता. बसतो की मी पाच दिवस."

"तू बसशील रं तम्मा," ती म्हणाली. "माझ्यानं ते पाच दिस चरख्यावर बसवत न्हाई."

आता तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही साखर पेठेत राहता. तुम्हाला वाचता येतं, नाहीतर हे तुमच्या हातात नसतं. गड्डा नऊ दिवसांवर आला आहे आणि अर्ज तिच्या फळीवर टोपलीखाली ठेवलेला आहे, दोन जागा मोकळ्या सोडून. उद्या सकाळी तिच्या दारात जा, अर्ज मागा आणि तुमचं पूर्ण नाव लिहून सही करा.